जुन्या प्रवासी बोटींवरचा डॉक्टर नक्की कोणासाठी होता?

दीपगृह (धागाकर्ता):

मंडळी, हल्ली रात्री लवकर झोप लागत नाही आणि हातात मोबाईल असला की माणूस कुठून कुठे पोचतो ते तुम्हाला सांगायला नको. मी टायटॅनिकवरून सुरुवात केली आणि महिनाभर जुन्या बोटींच्या दवाखान्यांत अडकून बसलोय. बोट कशी बुडाली यावर सगळ्यांचं लिहून झालंय, मला पडलेला प्रश्न अगदी घरगुती होता, की आठवडाभर चारी बाजूंना पाणी, त्यात कोणाच्या पोटात कळ आली तर काय करत असतील?

तर टायटॅनिकवर दोन डॉक्टर होते. थोरले विल्यम ओ'लॉफलिन, आयर्लंडचे, वय ६२, उभी हयात बोटींवर गेलेली. धाकटे जॉन सिम्पसन, बेलफास्टचे, वय ३७, दुसरा-तिसरा वर्ग यांच्याकडे. दवाखाना डी डेकवर मागच्या अंगाला, साथीच्या रोग्यांची सोय वेगळी. सिम्पसननी ११ एप्रिल १९१२ ला आईला लिहिलेलं पत्र शिल्लक आहे, आयर्लंडच्या क्वीन्सटाउन बंदरातून टपालात पडलं म्हणून वाचलं. त्यात नवी केबिन आधीच्या बोटीपेक्षा मोठी मिळाली म्हणून खूश, आणि लगेच पुढे रडगाणं, की ट्रंक उघडी सापडली आणि पाकिटातले पाच-सहा डॉलर कोणीतरी लांबवले. चार दिवसांनी दोघेही डॉक्टर बोटीबरोबर गेले. ते पत्र २०१२ मध्ये बेलफास्टला परत आलं.

आता मुद्दा. डॉक्टर ठेवणं ही कंपनीची माया वगैरे नव्हती, १८९४ च्या ब्रिटिश कायद्यात होतं की परदेशी जाणाऱ्या बोटीवर शंभर किंवा जास्त माणसं असतील तर शिकलेला डॉक्टर हवाच. अमेरिकेने त्याआधीच १८८२ ला केलेलं, खालच्या वर्गात पन्नासपेक्षा जास्त स्थलांतरित असतील तर डॉक्टर आणि बोटीवर इस्पितळाची जागा. शिवाय त्या वर्गातला आठ वर्षांवरचा प्रवासी वाटेत आजाराने गेला तर कप्तानाने माणशी दहा डॉलर भरायचे. वरच्या वर्गातला गेला तर नाही! याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

वरच्या वर्गाचे नियम छापील यादीत असायचे. टायटॅनिकवाल्या व्हाइट स्टार कंपनीचं म्हणणं असं की आजार बोटीवर सुरू झाला असेल तर फी नाही, घरून घेऊन आला असाल आणि मुद्दाम डॉक्टरला बोलावलंत तर फी लागेल, तीही कप्तानाच्या संमतीने, औषध मात्र कसंही फुकट. आता सांगा, संधिवात घरचा की बोटीवरचा हे ठरवणार कोण?

आणि खालच्या वर्गाला मिळायचं एक कार्ड. ह्या कार्डासाठीच खरं तर धागा काढलाय. पुढच्या बाजूला नाव, बंदर, तारीख, लसीची नोंद आणि कडेला दिवसांचे आकडे. बोटीच्या डॉक्टरने रोज प्रत्येकाला बघायचं आणि त्या दिवसाच्या आकड्यावर पंचने भोक पाडायचं, बसच्या तिकिटासारखं. मागच्या बाजूला अनेक भाषांत सूचना, की हे कार्ड जपून ठेवा, नाहीतर क्वारंटाइनमध्ये आणि अमेरिकेतल्या रेल्वेत अडकून पडाल. म्हणजे कार्ड पेशंटचं नाही, बंदरावरच्या साहेबाला दाखवायचं.

पुढे अमेरिकन सरकारच्या स्थलांतर आयोगाने आपली माणसं साध्या प्रवाशांच्या वेषात तिसऱ्या वर्गातून पाठवली. १९११ च्या त्यांच्या अहवालात एका बोटीवरची तपासणी लिहिलीय. निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांची रांग लावली, डॉक्टर दुसऱ्या अधिकाऱ्याशी निवांत गप्पा मारतोय, मधूनच रांगेकडे एक नजर, आणि स्टुअर्ड प्रत्येकाच्या कार्डावर एकदम सहा भोकं पाडतोय. सहा दिवसांची तपासणी पाच मिनिटांत खलास. कारण विचारलं तर म्हणे प्रवाशांना रोज रोज त्रास नको म्हणून!

माझं मत सरळ आहे, बोटीवरचा दवाखाना आजाऱ्यासाठी कमी आणि बंदरासाठी जास्त होता. पटत नसेल तर भांडा.

चहाबाज:

मस्त धागा, वाखुसा (वाचनखूण साठवली). सहा भोकांवरून आमच्या हापिसातलं हजेरीबुक आठवलं, शनिवारी बसून आठवड्याच्या सह्या.

पण बोट लागण्याचं काय करायचे ते लिहा की राव. मी मांडव्याच्या लाँचमध्ये पाऊण तासात देव आठवतो, हे लोक आठवडा कसा काढायचे?

दीपगृह:

@चहाबाज, बोट लागणे हेच डॉक्टरचं रोजचं गिऱ्हाईक. आणि इलाज म्हणजे काय वाट्टेल ते. वरच्या वर्गात थंड शॅम्पेन, कोरडी बिस्किटं, डेकवर घोंगडी गुंडाळून आडवं पडणे. औषधांत ब्रोमाइड, क्लोरल, म्हणजे थोडक्यात गुंगी. पोटावर पट्टे बांधणारेही होते. गंमत म्हणजे बेसेमर, तोच पोलादवाला, त्याला स्वतःला बोट फार लागायची म्हणून त्याने १८७५ ला इंग्लिश खाडीसाठी एक बोट बांधवली जिच्यात आतला दिवाणखानाच झुलता, बोट हलली तरी खोली सरळ राहावी म्हणून. बोटीने कॅले बंदराच्या धक्क्यालाच धडक दिली आणि झुलत्या खोलीचा विषय तिथेच संपला.

तिसऱ्या वर्गात शॅम्पेन कुठलं. खाली पुढच्या-मागच्या टोकाला जिथे सगळ्यात जास्त हलतं तिथे बिछाने, एकावर एक, आणि वरच्याला उलटी झाली की खालच्याचं नशीब.

डॉ_गोळी:

डॉक्टर आहे म्हणून दोन शब्द. सहा भोकांबद्दल वाईट वाटलं पण आश्चर्य नाही वाटलं, हजार माणसं आणि एक डॉक्टर असेल तर रोज प्रत्येकाला बघणं शक्यच नाही, ओपीडीत बसलेल्याला विचारा.

दुसरं म्हणजे १९१० च्या सुमाराला डॉक्टरच्या हातात होतं काय? अँटिबायोटिक नाही, सलाईन आजच्यासारखं सर्रास नाही. मॉर्फिन, क्लोरोफॉर्म, कार्बोलिक, टाके, प्लास्टर, मलमपट्टी. हाड मोडणं बरं, कारण ते जोडता येतं. टायटॅनिकवरच बुडायच्या दिवशी एक बाई जिन्यावर घसरून पडली आणि हात मोडला, तेव्हा थोरल्या डॉक्टरांच्या जोडीला प्रवाशांतलेच एक हाडांचे डॉक्टर, फ्राउएनथाल, आले आणि दोघांनी मिळून हात बसवला. हे तेव्हा सर्रास चालायचं, पहिल्या वर्गात कोणीतरी बडा डॉक्टर असायचाच. तिसऱ्या वर्गातल्याच्या नशिबी तो योग कमी.

आणि डॉक्टरचं ऐकलं नाही म्हणून बरं झाल्याचं उदाहरण देतो (माझ्या पेशंटांनी वाचू नये). टायटॅनिकमधून वाचलेला नॉरिस विल्यम्स म्हणून २१ वर्षांचा पोरगा, तासनतास गार पाण्यात पाय. मदतीला आलेल्या कार्पेथिया बोटीवर घेतल्यावर तिथला डॉक्टर म्हणाला पाय कापावे लागतील. हा म्हणाला मला हे पाय लागणार आहेत, आणि दर दोन तासांनी उठून डेकवर चालायचा, रात्रीसुद्धा. पाय वाचले. टेनिसपटू होता, पुढे १९१४ आणि १९१६ ला अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकला, १९२४ ला ऑलिंपिकचं सुवर्णपदक. माझ्याकडे असा पेशंट आला तर मी काय सल्ला दिला असता सांगता येत नाही, हिमदंशात पाय काळा पडेपर्यंत घाई करू नये हे आता शिकवतात.

शंकासुर:

धागा छान पण एकतर्फी. म्हणे डॉक्टर बंदरासाठी! अहो पण त्याआधी काय होतं ते बघा ना. १८४७ मध्ये आयर्लंडच्या दुष्काळातली माणसं शिडाच्या बोटींतून कॅनडाला जात होती, सहा-सहा आठवडे, टायफसने (उवांमुळे पसरणारा ताप) इतकी माणसं मेली की त्या बोटींना शवपेटी बोटी म्हणायचे, क्वेबेकजवळच्या ग्रोस बेटावर त्या एका वर्षात पाच हजारांवर माणसं पुरली. त्या मानाने १९०० नंतरच्या आगबोटीवर गरीब स्थलांतरिताला निदान डॉक्टर नावाचा प्राणी दिसायचा, काहींना आयुष्यात पहिल्यांदा. लस मिळायची. कायदा कोणाच्या भीतीने आला याच्याशी मला काय करायचंय, फायदा कोणाला झाला ते बोला.

दीपगृह:

@शंकासुर, ग्रोस बेटाचं अगदी बरोबर, ते मी लिहायला हवं होतं. पण मृत्यू कमी झाले त्याचं श्रेय डॉक्टरला किती आणि इंजिनाला किती? सहा आठवड्यांचा प्रवास आठवड्यावर आला, टायफस पसरायला वेळच मिळेना. पाणी स्वच्छ, लोखंडी बिछाने धुता येतात. डॉक्टर झोपून राहिला असता तरी आकडा खाली आला असता असं मला वाटतं.

आणि भीतीचं म्हणाल तर १८९२ घ्या. जर्मनीतल्या हँबुर्गमध्ये कॉलरा, शहरात साडेआठ हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि तिथूनच स्थलांतरितांच्या बोटी न्यूयॉर्ककडे. मोराव्हिया बोट ऑगस्टअखेर पोचली तेव्हा वाटेत २२ जण गेलेले. तोपर्यंत अमेरिकेत १८९१ चा कायदा झालेला, नाकारलेल्या माणसाला कंपनीने स्वखर्चाने परत न्यायचं. १९०३ पासून वर दंड, चढतानाच दिसू शकला असता असा संसर्गजन्य रोगी आणला तर माणशी शंभर डॉलर. मग काय, कंपन्या एकदम आरोग्यप्रेमी झाल्या. हँबुर्गला कंपनीने १९०१ मध्ये स्थलांतरितांसाठी वेगळी वसाहतच उभारली, आंघोळ, कपडे वाफवणे, डॉक्टर, सगळं बोटीत चढायच्या आधी. न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावर, जिथे स्थलांतरितांची तपासणी व्हायची, बुटाची बटणं लावायच्या आकड्याने पापणी उलटी करून खुपरी बघायचे, ती निघाली की परत. तर इथेच बघून घेतलेलं बरं, असा हिशोब.

शंकासुर:

हिशोबाने का होईना आंघोळ झाली ना? मी माझ्या मुद्द्यावर ठाम. इंजिनाचं मात्र मान्य.

खाडीकाठ:

तुम्ही सगळे प्रवाशांबद्दल बोलताय. बोट चालवणारे कुठे गेले?

माझे पणजोबा रत्नागिरीकडचे, मुंबईहून विलायती कंपनीच्या बोटीवर खलाशी होते. तेव्हा मुंबईच्या मोठ्या बोटींवर कामाची वाटणी ठरलेली, डेकवर आपले कोकणातले आणि गुजरातेतले, खाली इंजिनात पंजाबी आणि पठाण, आणि जेवणाखाण्याकडे गोव्याचे. सगळ्यांना मिळून साहेब लास्कर म्हणायचा. आता ऐका. गोऱ्या खलाशाला झोपायला माणशी किमान ७२ घनफूट जागा असा ब्रिटिश कायदा. लास्करला ३६. शाळेत घनफळ शिकलो तेव्हा वडिलांनी मला हेच गणित घातलेलं, सहा फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट उंच, किती झाले? छत्तीस. मग म्हणाले आता त्यात झोपून दाखव. १९०६ ला गोऱ्यांची जागा १२० घनफूट केली, आपल्या लोकांना त्यातून वगळलं.

आणि तांबड्या समुद्रात इंजिनाच्या पोटात कोळसा टाकणाऱ्यांची काय गत व्हायची? बाहेरच उन्हाळा, आत भट्ट्या, घामावाटे मीठ जाऊन हातापायांत गोळे यायचे, माणूस गरगरून पडायचा. त्याला वर आणून डेकवर पाणी ओतायचं, शुद्धीवर आला की परत खाली. फक्त पाणी पाजून भागत नाही, मीठही द्यायला हवं, हे नीट कळायलाच विसावं शतक बरंच उलटलं.

बाकी आजारपणाची भीती त्यांना वेगळीच होती. दवाखान्यात गेलं की साहेब नळीत शेरा मारणार, आणि शेरा वाईट पडला की पुढच्या खेपेला सारंग (खलाशांचा मुकादम) घेणार नाही. म्हणून ताप अंगावर काढायचा.

चहाबाज:

नळी म्हणजे?

खाडीकाठ:

खलाशाचं नोकरीचं पुस्तक-कागद. पत्र्याच्या गोल डबीत गुंडाळून ठेवायचे म्हणून नळी. आमच्याकडे कोकणात अजून म्हणतात, "पोराची नळी झाली", म्हणजे पोरगा बोटीवर लागणार.

तारवट्याचो_नातू:

म्हापशाहून देव बरें करूं. आमच्याकडे बोटीवरच्याला तारवटी म्हणतात, आमचो शापाय, म्हणजे आजोबा, बोटीवर स्टुअर्ड होता, पुढे मुंबईत धोबीतलावला गावच्या कुडात राहून पुढच्या बोटीची वाट बघायचा. कूड म्हणजे एका गावच्या लोकांनी चालवलेली खोली, ट्रंकेला ट्रंक लावून झोपायचं.

तो सांगायचा की भरतीच्या वेळचा डॉक्टर आणि बोटीवरचा डॉक्टर यात जमीन-अस्मानाचा फरक. भरतीवाला दात, डोळे, नखं सगळं बघायचा, खोकायला लावून अंतर्गळ आहे का तपासायचा, बैल विकत घेतात तसं. बोटीवरचा फक्त सकाळी दारात उभा राहून विचारणार, कोण आजारी? कोणी हात वर करत नसे. पण तोच स्टुअर्ड पहिल्या वर्गातल्या मडमेला उलटी झाली की रात्री दोनला लिंबू-सोडा घेऊन धावणार. शापाय म्हणायचा खरो डॉक्टर म्हणजे आम्हीच, फक्त पगार बशी धुण्याचा.

कुंदामावशी:

हे शेवटचं वाक्य भारी आहे. मी तीस वर्षं सरकारी इस्पितळात सिस्टर होते म्हणून मला पुरुष डॉक्टरांपेक्षा बायकांचं काय व्हायचं तेच बघायचं असतं. तर बायकांचं सगळं स्टुअर्डेसच करायच्या, दोन-चार बायका आणि शेकड्याने प्रवासी. टायटॅनिकवर एव्हलिन मार्सडेन म्हणून ऑस्ट्रेलियाची मुलगी होती, शिकलेली नर्स, पण कामावर घेतली पहिल्या वर्गाची स्टुअर्डेस म्हणून, नर्सिंग हे जोडीला. म्हणजे बिछाने घाला, चहा द्या आणि कोणी आजारी पडलं तर नर्सही व्हा. वाचली ती, नंतर डॉक्टरशीच लग्न केलं.

बाळंतपणं तर व्हायचीच, बाळाला बोटीचं नाव ठेवायची पद्धत होती. बाळंतीण कुठल्या बिछान्यावर, बाजूला कोण, पाणी कोणी तापवलं हे कुठे लिहिलेलं सापडत नाही. नाव तेवढं राहिलं.

आणि आपल्याकडचं विसरू नका. मुंबईत १८९६ ला प्लेग आला तेव्हा बंदरातून जाणाऱ्या प्रत्येकाला बोटीत चढायच्या आधी तपासायचे, काखा-जांघा चाचपून, बायकांनासुद्धा. जग घाबरलं मुंबईला, १८९७ मध्ये व्हेनिसला खास प्लेगसाठी परिषद भरली. त्याच साली इकडे साथरोग कायदा झाला, तोच जो २०२० मध्ये परत बाहेर काढला. म्हणजे दीपगृह म्हणतात ते खोटं नाही, फक्त हँबुर्गच्या जागी आपण होतो.

आनंदीबाई जोशींचाही विचार मनात येतो. स्वतः डॉक्टर होऊन १८८६ ला परत निघाल्या तेव्हा क्षयाने खंगलेल्या, आठवडेच्या आठवडे बोटीवर, आणि आल्यावर फेब्रुवारी १८८७ ला गेल्या. बोटीवरची सगळ्यात चांगली डॉक्टर बहुतेक तीच असेल, आणि पेशंटही तीच.

सेकंडमेट:

उशीर झाला, मधे नेट नव्हतं. मी मालवाहू बोटींवर वीस वर्षं काढली. तुम्हाला सांगतो, आमच्याकडे डॉक्टर नसतोच. माणसं वीस-बावीस, कायद्याने लागत नाही. दवाखाना सेकंड मेटकडे (कप्तानाच्या हाताखालचा एक अधिकारी), म्हणजे नकाशे मीच लावायचे आणि इंजेक्शनही मीच द्यायचं. मुंबईत कोर्स केला तेव्हा टाके घालायला कोंबडीच्या तंगड्यांवर शिकलो, संध्याकाळी घरी चिकन होतं, जेवलो नाही.

पूर्वी डॉक्टर नसलेल्या बोटींवर कप्तानाकडे औषधांची पेटी असायची, बाटल्यांवर नावं नाही, नंबर. पुस्तकात बघायचं, अमुक लक्षण, अमुक नंबर. त्यावर आमच्यात जुना विनोद आहे, पंधरा नंबर संपला म्हणून कप्तानाने सात आणि आठ मिसळून पाजलं.

मग वायरलेस आलं आणि खरा फरक पडला. १९२० पासून न्यूयॉर्कहून खलाशांच्या एका संस्थेने बिनतारी डॉक्टरी सल्ला सुरू केला, १९३५ ला रोममध्ये त्याच कामासाठी केंद्र निघालं, ते अजून चालू आहे आणि फुकट आहे. मी स्वतः वापरलंय. फिटरचं पोट उजवीकडे दुखत होतं, ताप. मी उपग्रह फोनवर लक्षणं वाचून दाखवतोय आणि तिकडून बाई शांतपणे विचारतेय, दाबल्यावर जास्त दुखतं की सोडल्यावर? मी फिटरच्या पोटावर हात ठेवून उभा, मागे अख्खा क्रू दारात. सोडल्यावर जास्त, म्हणालो. ती म्हणाली तोंडाने काही देऊ नका आणि बंदर गाठा. कंपनी मार्ग बदलायला कुरकुरली, इंधनाचा खर्च. कंपनीचं नाव घेत नाही. कप्तान भला होता, वळवली बोट. पोरगा वाचला.

म्हणून मला तुमचे सहा भोकांवाले डॉक्टर एवढे वाईट वाटत नाहीत. निदान होते.

दीपगृह:

@सेकंडमेट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. "सोडल्यावर जास्त" वाचताना माझंच पोट आत गेलं.

कार्पेथियाचं राहिलंच होतं. ती बोट न्यूयॉर्कहून भूमध्य समुद्राकडे निघालेली, नेपल्स, ट्रिएस्ट, फ्यूमे, म्हणजे इटालियन आणि हंगेरियन स्थलांतरितांचा मार्ग, त्यामुळे तिच्यावर इंग्लिश, इटालियन आणि हंगेरियन असे तीन डॉक्टर. रात्री संदेश आल्यावर कप्तान रॉस्ट्रनने तिघांना वाटून दिलं, इंग्लिश डॉक्टर पहिल्या वर्गाच्या जेवणघरात, इटालियन दुसऱ्या, हंगेरियन तिसऱ्या. कॉफी, चहा, सूप, घोंगड्या तयार, जखमींना वर घ्यायला खुर्च्यांचे झोपाळे, पोरांना वर ओढायला पिशव्या. सातशेवर माणसं घेतली. आयुष्यभर रांगा मोजणारी तीच यंत्रणा त्या पहाटे खऱ्याखुऱ्या पेशंटसाठी उभी राहिली, हे @शंकासुर यांच्या खात्यात टाकतो. तरी वर्ग तीनच राहिले बघा, बुडता बुडता वाचलेल्यांनाही जेवणघर तिकिटाप्रमाणे.

शंकासुर:

खात्यात जमा केल्याबद्दल आभारी. आता त्यावर व्याज द्या.

खाडीकाठ:

कुंदामावशींचं वाचून आज माळ्यावरून पणजोबांची नळी काढली. डबी सापडली, झाकण गंजून बसलेलं, खोबरेल लावून निघालं. आत कागद आहे पण पत्र्याला चिकटलाय, एका कडेला अर्धा शिक्का दिसतोय, जांभळा. इंग्रजीत काहीतरी "...टू सी सर्व्हिस" एवढंच वाचता येतं. भाऊ म्हणतोय कुकरची वाफ दे, सुटेल.

डॉ_गोळी:

वाफ देऊ नका!! जांभळी शाई आहे, फुटेल. तसंच ठेवा, मुंबईत जुने कागद जतन करणारे लोक आहेत त्यांना दाखवा.

कुंदामावशी:

आणि भावाला कुकरपासून लांब ठेवा.

खाडीकाठ:

ठीक. डबी फ्रीजवर ठेवलीय, भावाचा हात पुरत नाही तिथे.